उशीर चालेल, शब्द फिरवलेला चालणार नाही

व्हिडिओ गेम तयार होण्याआधी, कधीकधी त्याचे काम सुरूही होण्याआधी, पैसे मोजायचे आणि मग वाट पाहत बसायचे, हा व्यवहार कागदावर पाहिला तर शहाण्या माणसाने करू नये असाच आहे. तरीही २०१२ पासून जगभरच्या लाखो गेमरांनी तो केला आणि अनेकांनी पुनःपुन्हा केला. त्यातून काही अप्रतिम गेम आले, काही रडतखडत आले, काही आलेच नाहीत. या सगळ्याबद्दल आता दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, गेमर पोळले आणि त्यांनी हा नाद सोडला. दुसरे म्हणते, बुडालेले प्रकल्प थोडे, बोभाटाच फार. दोन्ही मतांना पुरावे आहेत. मात्र पैसे उभारण्याच्या एकेका मोहिमेचा इतिहास आणि तिच्यावर उसळलेला राग शेजारीशेजारी ठेवला की तिसरेच काही दिसते. गेमर उशीर सोसतो, पैसे बुडालेलेही बऱ्याचदा सोसतो. त्याला सोसवत नाही ते पैसे घेतल्यानंतर बदललेल्या अटी.

प्रकाशकाला फाटा

किकस्टार्टर हे संकेतस्थळ न्यूयॉर्कमध्ये एप्रिल २००९ मध्ये सुरू झाले. त्याचा नियम सोपा आहे. मुदतीत ठरलेली रक्कम जमली तरच पैसे निर्मात्याच्या हाती पडतात. नाही जमली तर कुणाच्याच कार्डावरून काही कापले जात नाही. जमलेल्या रकमेतून संकेतस्थळ पाच टक्के घेते. पहिली तीन वर्षे इथे गेमसाठी किरकोळ रकमाच उभ्या राहत. फेब्रुवारी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डबल फाइन स्टुडिओचे टिम शेफर यांनी चार लाख डॉलर मागितले: तीन लाख गेमसाठी आणि एक लाख त्या निर्मितीवरच्या माहितीपटासाठी. आठेक तासांत रक्कम पुरी झाली, चोवीस तासांत दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला, आणि मोहीम संपली तेव्हा ८७ हजार लोकांनी मिळून ३३ लाख डॉलरहून अधिक दिले होते.

एवढी गर्दी लोटली त्यामागे प्रेमाइतकाच रागही होता. शेफर आणि त्यांचे सहकारी रॉन गिल्बर्ट यांनी १९९० च्या सुमारास लुकासफिल्मच्या छत्राखाली 'मंकी आयलंड'सारखे विनोदी साहसी गेम केले होते. त्या धाटणीचे चाहते जिवंत होते, पण मोठ्या प्रकाशकांच्या लेखी ती धाटणी मेली होती. पुढच्याच महिन्यात ब्रायन फार्गो यांनी १९८८ च्या 'वेस्टलँड'चा दुसरा भाग करण्यासाठी पैसे मागितले. त्यांच्या चित्रफितीत प्रकाशकांची मनसोक्त टर उडवलेली होती. त्यांना ६१ हजार लोकांनी २९ लाख डॉलर दिले. नफा झाला तर त्यातले पाच टक्के इतरांच्या मोहिमांना देण्याची योजनाही फार्गोंनी मांडली. सप्टेंबरात ऑब्सिडियन स्टुडिओने जुन्या वळणाच्या भूमिकाप्रधान गेमसाठी जवळजवळ ४० लाख डॉलर उभे केले. तोच पुढे 'पिलर्स ऑफ इटर्निटी' झाला.

त्या वर्षी गेमर पैसे देत होता तेव्हा तो एका अर्थी मतदान करत होता. आम्हाला काय आवडते हे बाजारपेठेचे तक्ते बघून ठरवू नका, आम्हाला विचारा, असे त्याचे म्हणणे होते. वीस डॉलरमध्ये गेमची प्रत तर मिळणारच होती, शिवाय एका बंडात सामील झाल्याचे समाधानही.

गेमला खर्च किती येतो

बंडाची पहिली शिकवणी हिशेबाची होती. अमेरिकेत गेम बनवणाऱ्या एका माणसाचा महिन्याचा खर्च, म्हणजे पगार, विमा, जागा, यंत्रे सगळे धरून, ढोबळमानाने दहा हजार डॉलर धरण्याची रीत आहे. वीस माणसांचा चमू वर्षभर ठेवला तर २४ लाख डॉलर संपतात. डबल फाइनच्या ३३ लाखांतून संकेतस्थळाचा वाटा, कार्ड कंपन्यांचा वाटा, माहितीपट, आणि बॅकरांना, म्हणजे मोहिमेला पैसे देणाऱ्यांना, कबूल केलेले छापील पुस्तक, पोस्टर, टीशर्ट हे सगळे वजा केल्यावर उरलेल्या रकमेत मोठा गेम बसत नव्हता. जुलै २०१३ मध्ये शेफर यांनी ते बॅकरांना सरळ सांगितले. 'ब्रोकन एज' या नावाचा तो गेम दोन भागांत विभागला गेला. पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आला, त्याच्या विक्रीवर दुसरा तयार झाला आणि तो एप्रिल २०१५ मध्ये पोहोचला. मोहिमेत तारीख दिली होती ऑक्टोबर २०१२ ची.

गेमरांच्या मनात इथे पहिली फूट पडली. मागितले त्याच्या आठपट मिळूनही पैसे पुरत नाहीत म्हणजे उधळपट्टी झाली, असे एका गटाला वाटले. दुसऱ्या गटाने माहितीपटात स्टुडिओच्या बैठका, चुकलेले अंदाज, अडलेली कामे पाहिली होती. गेम कसा बनतो हे सर्वसामान्य खेळणाऱ्याला इतक्या उघडपणे पूर्वी कुणी दाखवले नव्हते. त्या गटाचा विश्वास टिकला, आणि टिकण्याचे कारण गेमच्या दर्जापेक्षाही त्या उघडेपणात होते.

उशीर ही क्राउडफंडिंगची, म्हणजे अशा लोकवर्गणीची, सार्वत्रिक सवय आहे. व्हार्टन स्कूलचे प्राध्यापक इथन मॉलिक यांनी २०१४ च्या शोधनिबंधात दाखवले की रचना आणि तंत्रज्ञान या विभागांतल्या यशस्वी मोहिमांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक मोहिमांनी कबूल केलेली तारीख चुकवली. सर्व विभागांतल्या सुमारे ४७ हजार बॅकरांना विचारून त्यांनी २०१५ मध्ये दुसरी पाहणी केली. तिच्यात कबूल केलेली वस्तू अजिबात न देणाऱ्या मोहिमांचे प्रमाण नऊ टक्के निघाले. म्हणजे बहुतेक वस्तू येतात, फक्त वेळेवर येत नाहीत.

देणगीदार की गिऱ्हाईक

आपण नेमके कोण आहोत, हे गेमरालाही नीट ठरवता आलेले नाही. मराठी वाचकाला प्रकाशनपूर्व सवलतीची पद्धत परिचयाची आहे. ग्रंथाचे पैसे आधी भरायचे, छापून आला की कमी किमतीत घरपोच. त्यात हस्तलिखित बहुधा तयार असते, उरलेले असते ते छपाईचे काम. गेमच्या मोहिमेत छपाईखेरीज लेखनही उरलेले असते, आणि लेखक कधीकधी अजून विषयाचाच विचार करत असतो. तरी पैसे देणाऱ्याच्या मनात चित्र सवलतीच्या खरेदीचे असते.

किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्येच आपण दुकान नाही असे जाहीर केले होते. २०१४ मध्ये त्याने अटी अधिक स्पष्ट केल्या. काम पुरे झाले नाही तर निर्मात्याने काय घडले ते सांगावे, पैसे कुठे गेले ते दाखवावे, उरले असतील तर परत करावेत. संकेतस्थळ स्वतः मात्र हमी देत नाही. सरकारी यंत्रणाही जपून पावले टाकत आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने क्राउडफंडिंगमधली पहिली कारवाई २०१५ मध्ये केली, तीही एका बोर्डगेमच्या निर्मात्यावर, ज्याने जमलेला पैसा घरभाड्यासारख्या स्वतःच्या गरजांवर खर्चला होता. प्रामाणिकपणे काम करून अपयश आले तर कायदा सहसा मध्ये पडत नाही.

व्हिडिओ गेमला पैसे देणाऱ्यांच्या हेतूंचा अभ्यास नॉर्बर्ट स्टायगेनबर्गर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दोन गट समोर आले. एकाला फक्त गेम हवा होता. दुसऱ्याला गेम तर हवाच होता, शिवाय निर्मात्याला मदत करण्यात आणि घडणीत सहभागी होण्यात त्याला आनंद होता. चारचौघांत आपले नाव व्हावे हा हेतू फारसा आढळला नाही. एकाच मोहिमेच्या एकाच बातमीवर निम्मे बॅकर चिडतात आणि निम्मे समजूत घालतात, त्याचे कोडे यातून बरेचसे सुटते. पहिला गट पावती हातात घेऊन बसलेला असतो, दुसरा स्वतःला त्या घरचाच समजतो. मात्र हा दुसरा, मायाळू गट दुखावला की पहिल्यापेक्षा जास्त कडवट होतो.

राग नेमका कशाचा

सर्वात गाजलेले प्रकरण 'माइटी नंबर नाइन'चे. 'मेगा मॅन' मालिकेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या केइजी इनाफुने यांनी ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस नऊ लाख डॉलर मागितले आणि किकस्टार्टरवर त्यांना ३८ लाख मिळाले. गेम अनेकदा पुढे ढकलला गेला आणि जून २०१६ मध्ये आला तेव्हा साधारण निघाला. पण चाहत्यांचा संयम त्याच्या आधीच सुटला होता. जुलै २०१५ मध्ये, पहिले काम हातात असताना, त्याच मंडळींनी 'रेड ॲश' या नव्या गेमसाठी दुसरी मोहीम उघडली. ती चालू असतानाच एका चिनी कंपनीने त्या गेमला पैसे देण्याचे जाहीर केले. मग आमचे पैसे कशाला हवेत, हा बॅकरांचा प्रश्न बिनतोड होता. मोहीम फसली.

'एलीट: डेंजरस'चे प्रकरण वेगळ्या जातीचे. ब्रिटनच्या डेव्हिड ब्रेबन यांच्या कंपनीने २०१२ च्या अखेरीस सुमारे १५ लाख ७८ हजार पौंड जमवले. इंटरनेटशिवाय एकट्याने खेळण्याची सोय असेल, असे मोहिमेत सांगितले होते. गेम यायला महिना उरला असताना, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ती सोय होणार नाही असे कळवण्यात आले. गेम आला, त्याचे कौतुकही झाले. तरी त्या एका वाक्याने जो विश्वास गेला तो चांगल्या गेमनेही परत आला नाही. 'टॉर्मेंट: टाइड्स ऑफ नुमेनेरा'ने ४१ लाखांहून अधिक डॉलर जमवले होते. २०१७ मध्ये तो येऊ घातला असताना इटालियन भाषांतरासारख्या काही कबूल केलेल्या गोष्टी वगळल्याचे उघड झाले. वगळण्यापेक्षा ते उशिरा सांगण्याबद्दल लोक जास्त बोलले.

पुढे डिसेंबर २०१८ मध्ये एपिक कंपनीचे ऑनलाइन दुकान उघडले आणि मोठे आगाऊ पैसे देऊन वर्षभराचे विक्रीहक्क विकत घेण्याची चढाओढ लागली. मार्च २०१९ मध्ये 'फीनिक्स पॉइंट' आणि जूनमध्ये 'शेनमू ३' हे लोकवर्गणीतले गेम तिकडे गेले. 'शेनमू ३'ला २०१५ मध्ये ६९ हजार लोकांनी ६३ लाख डॉलर दिले होते, आणि अनेकांनी 'स्टीम' या दुकानातली प्रत मिळणार म्हणून दिले होते. गेम तोच, संगणक तोच, बदलले फक्त दुकान. त्रयस्थाला हा राग पोरकट वाटेल. बॅकरांच्या बाजूने पाहिले तर प्रकाशकांच्या करारांपासून गेम मोकळा राहावा म्हणून त्यांनी पैसे दिले होते, आणि त्यांच्याच पैशावर उभा राहिलेला गेम दाखवून निर्मात्याने नवा करार केला होता. दोन्ही निर्मात्यांना शेवटी पैसे परत देऊ करावे लागले.

याच गटातले सर्वात बोलके उदाहरण गेमचे नाही, यंत्राचे आहे. 'ऑक्युलस रिफ्ट' या आभासी वास्तवाच्या चष्म्याला २०१२ मध्ये साडेनऊ हजार लोकांनी २४ लाख डॉलर दिले. कबूल केलेले प्राथमिक संच त्यांना मिळाले. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि बॅकर खवळले. लेखी काही मोडले नव्हते. पण ज्या उपक्रमाला आपण छोटा, स्वतंत्र समजून हात दिला तो दोन वर्षांत महाकाय कंपनीच्या खिशात गेला आणि त्या दोन अब्जांत आपला वाटा शून्य, ही जाणीव झोंबणारी होती. बॅकर धोका गुंतवणूकदाराचा पत्करतो आणि हक्क त्याला गिऱ्हाइकाएवढेच मिळतात, ते तेव्हा प्रथम सर्वांना लख्ख दिसले.

माफी कुणाला मिळाली

आता दुसरी बाजू. 'शोव्हेल नाइट'ने २०१३ मध्ये ७५ हजार डॉलर मागितले, ३ लाख ११ हजार मिळवले आणि मोहिमेच्या भरात भरमसाट वाढीव आश्वासने दिली. मूळ गेम २०१४ मध्ये आला. आश्वासनांतला शेवटचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये. साडेपाच वर्षांच्या या विलंबाबद्दल कुणी रागावल्याचे फारसे आठवणार नाही, कारण मधल्या काळात एकेक भाग येत राहिला आणि आधी गेम घेतलेल्यांना तो फुकट मिळत गेला.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या चिमुकल्या चमूने २०१४ च्या अखेरीस सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवले. दोन हजारांहून थोड्या अधिक लोकांच्या त्या पैशातून २०१७ मध्ये 'हॉलो नाइट' आला. मोहिमेत हॉर्नेट या पात्राच्या भूमिकेत खेळण्याचे आश्वासन होते. ते वाढत वाढत 'सिल्कसाँग' हा स्वतंत्र गेम झाला, २०१९ मध्ये जाहीर झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आला. वाट पाहणाऱ्यांनी त्यावर विनोद केले, कुरकुर केली, पण फसवल्याचा आरोप क्वचित झाला. जुन्या बॅकरांना नवा गेमही विनामूल्य मिळाला.

लहान मागणीचाही इथे मोठा वाटा आहे. 'एफटीएल'ने दहा हजार डॉलर मागून दोन लाख मिळवले आणि काही महिन्यांत, सप्टेंबर २०१२ मध्ये, गेम हातात ठेवला. टोबी फॉक्स यांनी 'अंडरटेल'साठी २०१३ मध्ये पाच हजार मागितले, ५१ हजार मिळाले. मोहिमेआधीच त्यांनी गेमचा सुरुवातीचा भाग खेळायला खुला केला होता. काय मिळणार आहे हे पैसे देणाऱ्याने बोटांनी अनुभवले होते, म्हणून शब्दांवर विसंबण्याची गरजच कमी होती.

'स्टार सिटिझन'चा अपवाद

वर मांडलेल्या निष्कर्षाला एक मोठे आव्हान आहे. 'विंग कमांडर'चे निर्माते ख्रिस रॉबर्ट्स यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये 'स्टार सिटिझन' या अंतराळगेमसाठी पैसे मागायला सुरुवात केली. किकस्टार्टरवर २१ लाख डॉलर मिळाले. बाकीची रक्कम कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जमत राहिली. गेम २०१४ मध्ये यायचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये जमा रक्कम ५० कोटी डॉलरच्या पुढे गेली, २०२४ मध्ये ७० कोटींच्या. तोवर गेम अधिकृतपणे पूर्ण झालेला नव्हता. तारखा चुकल्या, आवाका बदलला, आश्वासने फुगली. तरी पैसा आटला नाही.

अंतराळयानांच्या विक्रीत याचे उत्तर आहे. खेळणारे शेकडो डॉलरची आभासी याने विकत घेतात. २०१८ मध्ये तर सगळी याने एकत्र असलेला संच २७ हजार डॉलरना विक्रीला होता. अपुऱ्या गेममध्ये त्यांना आजही हिंडता येते, मित्रांबरोबर खेळता येते. त्यांच्या दृष्टीने तो अनंत काळ चालणारा छंद आहे, आणि छंदाला मुदत नसते. ज्यांनी २०१२ मध्ये एक पुरा गेम मागितला होता ते बरेच जण वैतागून बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले नवे लोक आज दिसते त्याचे पैसे देतात. म्हणजे इथेही अटी बदलल्या. बदलत्या अटींबरोबर देणारेही बदलत गेले, म्हणून धंदा टिकला. बाहेरून पाहणाऱ्या गेमरांत मात्र क्राउडफंडिंगबद्दल जेवढा संशय या एका प्रकल्पाने पेरला, तेवढा बुडालेल्या दहा प्रकल्पांनीही नसेल.

बॅकर झाला साक्षीदार

दरम्यान बॅकरचे कामच बदलून गेले. चेक प्रजासत्ताकातल्या वॉरहॉर्स स्टुडिओने २०१४ मध्ये 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'साठी ११ लाख पौंड जमवले; पण तेवढ्यात तो गेम होणार नव्हता. मागणी आहे हे दाखवले तर बाकीचा पैसा गुंतवणूकदार देणार होता. 'ब्लडस्टेन्ड'चे कोजी इगाराशी यांनी २०१५ मध्ये हे उघडच सांगितले: बहुतांश खर्च उचलायला दुसरे तयार आहेत, त्यांना चाहते दाखवायचे आहेत. लोकांनी ५५ लाख डॉलर देऊन ते दाखवले, आणि २०१९ मध्ये आलेल्या गेमवर लोक खूश झाले. 'शेनमू ३'ची मोहीम सोनीच्या व्यासपीठावरून जाहीर झाली तेव्हा मात्र खरा खर्च किती आणि तो कोण करणार, हे धूसर राहिले आणि कुजबुज सुरू झाली. गेमरांना दुसऱ्याच्या पैशाचे वावडे नसते. त्यांना लपवाछपवीचे असते.

धोका घ्यायचाच तर नफ्यातही वाटा द्या, या मागणीतून २०१५ मध्ये 'फिग' हे संकेतस्थळ निघाले. तिथे बॅकर होता येई आणि गुंतवणूकदारही. 'सायकोनॉट्स २'ने तिथे ३८ लाख डॉलर उभे केले. ही कल्पना रास्त होती, पण मोजके प्रकल्प सोडता ती रुजली नाही; २०२० मध्ये 'रिपब्लिक' या गुंतवणूक कंपनीने फिग विकत घेतले. जास्त रुजला तो तिसरा मार्ग: अपुरा गेमच विक्रीला ठेवायचा. स्टीमने २०१३ मध्ये त्यासाठी वेगळी सोय केली. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'च्या दोन्ही भागांसाठी किकस्टार्टरवर पैसे घेतले होते, 'बाल्डर्स गेट ३' मात्र त्यांनी २०२० मध्ये अपुऱ्या रूपात विकायला काढला आणि २०२३ मध्ये पूर्ण केला. इथे धोका संपत नाही. अर्ध्यावर सोडलेले गेम इथेही आहेत. पण पैसे देणाऱ्याला त्याच दिवशी काहीतरी खेळायला मिळते, हा फरक गेमरांना पुरेसा वाटतो.

पुण्याची 'राजी'

हे सगळे दूरदेशीचे वाटू नये म्हणून पुण्याचे एक उदाहरण. नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने भारतीय पुराणकथा आणि वास्तुशिल्पावर बेतलेल्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मोहीम काढली. ती पुरी झाली नाही. सगळे किंवा काहीच नाही या नियमाने हाती शून्य आले. पुढे प्रकाशक मिळाला, २०२० मध्ये गेम आला, आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमांत त्याला नामांकन मिळाले. २०१२ च्या बंडाची कहाणी इथे नेमकी उलटी झाली: लोकांनी पैसे दिले नाहीत, प्रकाशकाने दिले.

कारण समजण्याजोगे आहे. शेफर, फार्गो, इगाराशी यांनी वीस वर्षांची पुण्याई मोहिमेत वटवली. नव्या स्टुडिओकडे ती नसते, आणि पोळलेला गेमर अनोळखी माणसाला पहिल्यासारखा हात देत नाही. भारतीय निर्मात्यापुढे आणखी अडचणी आहेत. किकस्टार्टरवर थेट मोहीम काढू देणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. भांडवलात वाटा देणाऱ्या क्राउडफंडिंगवर सेबीने २०१४ मध्ये चर्चापत्र काढले, पण त्यातून नियमावली आली नाही. मोठ्या मोहिमांनी पोळलेल्या गेमरांच्या सावधपणाची किंमत अशा रीतीने सर्वात जास्त मोजतात ते ज्यांचे नाव अजून झालेले नाही ते.

सावधपणाचे नियम

आजचा अनुभवी गेमर पैसे देण्याआधी काही गोष्टी पाहतो: खेळता येईल असा नमुना आहे का, आधीचे काम काय, मागितलेल्या रकमेत गेम खरोखर होईल का, उरलेले पैसे कुठून येणार. भरमसाट वाढीव आश्वासने पूर्वी उत्साह वाढवत, आता ती शंका वाढवतात. हा शहाणपणा निर्मात्यांनीही बराचसा उचलला आहे. पण एक गोष्ट बहुतेक मोहिमा अजून सांगत नाहीत: कंपनी विकली गेली, विक्रीहक्क दिले गेले, कबूल केलेला भाग वगळावा लागला, तर बॅकरचे काय? परतावा मिळेल की नाही, एवढे एक वाक्य पैसे घेण्याआधी लिहून ठेवले असते तर ऑक्युलसपासून 'शेनमू ३'पर्यंतचे बहुतेक कडू वाद टळले असते. तारीख कुणालाच नेमकी सांगता येत नाही, हे गेमरांनी दशकभरात मान्य केले आहे. अटी मात्र सांगता येतात, त्यामुळे त्या न सांगणाऱ्याला पुढे सबब उरत नाही.